भारतीय वकिलांसाठी कॅनडाच्या बॅरिस्टर परीक्षा : मूल्यांकनापासून परवान्यापर्यंत

कॅनडात वकिली करू इच्छिणाऱ्या भारतीय वकिलाला दोन निरनिराळ्या संस्थांच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि या दोहोंची गल्लत झाली की सगळे नियोजन सुरुवातीलाच कोलमडते. पहिली परीक्षा राष्ट्रीय पातळीवरची असते. तुमचे कायद्याचे शिक्षण कॅनडातल्या कायद्याच्या पदवीच्या तोडीचे आहे की नाही, एवढेच ती ठरवते. दुसरी परीक्षा त्या-त्या प्रांताच्या लॉ सोसायटीची, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेची, असते आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय वकिलीचा परवाना मिळत नाही. पहिली झाली म्हणजे वकील झालो, असे समजून नोकरी सोडणारे जसे आहेत, तसेच पहिली न देता थेट दुसरीची पुस्तके विकत घेणारेही आहेत.

इंग्लंडप्रमाणे बॅरिस्टर (न्यायालयात युक्तिवाद करणारा) आणि सॉलिसिटर (सल्ला व कागदपत्रांचे काम पाहणारा) असे दोन वेगळे पेशे कॅनडाच्या कॉमन लॉ, म्हणजे निवाड्यांवर उभ्या असलेल्या इंग्रजी परंपरेच्या, प्रांतांत नाहीत. तिथला प्रत्येक वकील एकाच वेळी बॅरिस्टरही असतो आणि सॉलिसिटरही. ओंटारिओ प्रांताने मात्र परीक्षेपुरती ही विभागणी जपली आहे. तिथे बॅरिस्टर परीक्षा आणि सॉलिसिटर परीक्षा अशा दोन स्वतंत्र परीक्षा असतात व दोन्ही उत्तीर्ण व्हाव्या लागतात. या लेखात ओंटारिओ डोळ्यांसमोर ठेवले आहे, कारण टोरांटो, मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन या पट्ट्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि इथून जाणारे वकील बहुधा तिथेच उतरतात.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करायला हवी. भारतीय वकिलाला कॅनडाचा कायदा परका वाटत नाही, आणि नेमका हाच या परीक्षांमधला सर्वांत मोठा धोका आहे. शब्द तेच, तत्त्वे तीच, कित्येकदा प्रिव्ही कौन्सिलचे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या सर्वोच्च अपिली न्यायालयाचे, मूळ निवाडेही तेच असतात. त्यामुळे वाचणारा पान उलटतो, आणि जिथे कॅनडाचा कायदा आपल्यापासून वेगळा होतो ती जागा नेमकी त्याच्या नजरेतून सुटते.

पहिली पायरी : पात्रतेबद्दलचे गैरसमज दूर करणे

वकिलीसाठी कॅनडाचे नागरिकत्व लागते, हा समज अजूनही ऐकू येतो. ब्रिटिश कोलंबियात पूर्वी तशी अट होती. अँड्र्यूज नावाच्या ब्रिटिश नागरिकाने तिला आव्हान दिले. नागरिकत्व सोडून बाकीच्या सर्व अटी त्याने पूर्ण केल्या होत्या. १९८९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट कॅनडाच्या हक्कांच्या सनदेच्या (चार्टरच्या) कलम १५ मधील समानतेच्या हक्काचा भंग करणारी ठरवून रद्द केली. समानतेच्या हक्कावरचा हा पायाभूत निवाडा पुढे अभ्यासातही भेटतो, तेव्हा तो आताच लक्षात ठेवावा.

दुसरा गैरसमज याच्या नेमका उलट आहे. वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याने कॅनडात राहण्याचा किंवा काम करण्याचा अधिकार मिळत नाही. व्हिसा आणि वर्क परमिट हा सर्वस्वी वेगळा विषय आहे, आणि परीक्षेची हमी देत इमिग्रेशनचे पैसे उकळणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहिलेलेच बरे.

क्वेबेक प्रांताची गोष्ट स्वतंत्र आहे. तिथे खासगी व्यवहारांचा कायदा फ्रेंच परंपरेच्या नागरी संहितेवर चालतो आणि प्रवेशाची पद्धतही निराळी आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक व वारसा कायदा आजही लागू असला, तरी गोव्यातल्या कायदा महाविद्यालयाची पदवी ही भारतीय पदवीच असते. म्हणून गोव्यातील उमेदवारांनी या बाबतीत वेगळी चिंता करू नये.

दुसरी पायरी : भारत सोडण्यापूर्वी कागदपत्रे गोळा करणे

राष्ट्रीय पातळीवरचे मूल्यांकन नॅशनल कमिटी ऑन अॅक्रेडिटेशन, म्हणजेच एनसीए, ही समिती करते. कॅनडातील सर्व लॉ सोसायट्यांच्या महासंघाची ही स्थायी समिती आहे. तिच्याकडे अर्ज करण्यासाठी कॅनडात असण्याची गरज नाही. पुण्यात, नाशकात किंवा मडगावात वकिली करत असतानाच अर्ज करता येतो, आणि माझे स्पष्ट मत आहे की तो तिथूनच करावा. विद्यापीठाच्या खिडकीशी स्वतः उभे राहून जे काम होते, ते टोरांटोहून ईमेलवर करून घेताना कित्येक महिने जाऊ शकतात.

समितीला विद्यापीठाकडून थेट पाठवलेले अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट हवे असते. तुमच्या हातातल्या गुणपत्रिकांच्या प्रती, त्या कितीही साक्षांकित असल्या तरी, त्याची जागा घेऊ शकत नाहीत. तीन वर्षांचा एलएलबी करणाऱ्याने कायद्याच्या पदवीबरोबर आधीच्या पदवीचे कागदही तयार ठेवावेत. पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम केलेल्यांनी सर्व सत्रांचे गुण एकाच ट्रान्स्क्रिप्टमध्ये आले आहेत ना, हे तपासावे. मधल्या काळात महाविद्यालय किंवा अभ्यासक्रमाची रचना बदललेली असेल, तर तसा खुलासा विद्यापीठाकडून लेखी घ्यावा. सनद घेतलेल्या वकिलाला बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांचे नोंदणी व सद्वर्तनाबाबतचे प्रमाणपत्रही लागते, आणि तेही थेट कौन्सिलकडून जावे लागते.

नावाचा प्रश्न इथे हमखास उभा राहतो. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि कधी आईचेही नाव छापलेले असते. सनदेवर क्रम वेगळा असतो आणि पासपोर्टवर आणखी तिसराच. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्री वकिलांच्या बाबतीत पदवी माहेरच्या नावाने, सनद सासरच्या नावाने आणि पासपोर्ट दोन्हींच्या मिश्रणाने, असे सर्रास आढळते. यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदलाची प्रत आणि या सगळ्या नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र असा संच एकदाच तयार करावा, कारण समिती, लॉ सोसायटी आणि पुढे नोकरी देणारी फर्म या तिन्ही ठिकाणी तो मागितला जातो.

यापेक्षाही महत्त्वाचा आणि हमखास दुर्लक्षित राहणारा कागद म्हणजे वकिलीच्या अनुभवाचा पुरावा. ओंटारिओत भारतीय वकिलाला आर्टिकलिंगमधून, म्हणजे वकिलाच्या हाताखालच्या सक्तीच्या प्रशिक्षणातून, सवलत मिळू शकते, मात्र त्यासाठी प्रत्यक्ष काम केल्याचे दाखवावे लागते. ज्युनिअर म्हणून काम करणाऱ्यांचे वकीलपत्र बहुधा सिनिअरच्या नावावर असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशात वर हजर वकिलांची नावे असतात, त्यात सिनिअरसोबत ज्युनिअरचेही नाव येते. असे आदेश शोधून, तारीखवार लावून जपून ठेवावेत. जिल्हा व तालुका न्यायालयांत काम केलेल्यांनी रोजनाम्यातील हजेरीच्या नकला, स्वतःच्या सहीने दाखल केलेले अर्ज आणि कैफियती, आणि सिनिअरचे सविस्तर पत्र घ्यावे. पत्रात नुसते ‘हे माझ्याकडे होते’ असे नसावे. उलटतपासणी घेतली का, मसुदे कोणते केले, अशिलांशी थेट बोलणे होते का, हे सगळे त्यात यायला हवे. सिनिअर पुढे निवृत्त होतात, कार्यालये बंद होतात, म्हणून हे पत्र निघण्याआधीच हाती घ्यावे.

तिसरी पायरी : मूल्यांकनाचा निकाल समजून घेणे

समिती पदवीचा कालावधी, शिक्षण प्रत्यक्ष वर्गात झाले की दूरस्थ, विषय कोणते होते, गुण कसे आहेत आणि वकिलीचा अनुभव किती व किती ताजा आहे, हे पाहून निकाल देते. त्यात किती विषयांत तुमची पात्रता सिद्ध व्हायची आहे ते लिहिलेले असते. पाच विषय प्रत्येकासाठी अनिवार्य आहेत : कॅनडाचा घटनात्मक कायदा, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनडाच्या कायद्याचा पाया आणि व्यावसायिक जबाबदारी. ज्यांच्या पदवीत करार, अपकृत्य किंवा मालमत्ता यांसारखा मूलभूत विषय नाही किंवा त्यात गुण फारच कमी आहेत, त्यांना त्यांचीही भर पडू शकते. जानेवारी २०२२ पासून कायदेशीर संशोधन आणि लेखन यातले कौशल्य दाखवण्याची अटही आली आहे व ती ठरावीक अभ्यासक्रमातून पूर्ण करावी लागते.

हे विषय पूर्ण करण्याचे दोन मार्ग आहेत. घरी अभ्यास करून समितीची परीक्षा देता येते, किंवा कॅनडातल्या विद्यापीठात ते विषय शिकता येतात. यॉर्क विद्यापीठाचे ऑस्गुड हॉल लॉ स्कूल आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ यांचे एलएलएम अभ्यासक्रम याच गरजेसाठी आखलेले आहेत. विद्यापीठाच्या मार्गाचा खर्च मोठा आहे, पण तिथे ओळखी होतात, प्राध्यापकांची शिफारसपत्रे मिळतात आणि आर्टिकलिंग शोधणे सोपे जाते. ज्यांच्याकडे भारतातला पुरेसा अनुभव आहे आणि ज्यांना आर्टिकलिंगमधून सवलत मिळण्यासारखी आहे, त्यांनी घरी अभ्यास करून परीक्षा द्यावी, असे मी सुचवेन. नुकतीच पदवी घेतलेल्या, न्यायालयात फारसे उभे न राहिलेल्या उमेदवाराने मात्र विद्यापीठाचा विचार गांभीर्याने करावा.

चौथी पायरी : पाच विषयांचा अभ्यास

समितीच्या परीक्षा वर्षातून अनेकदा, ऑनलाइन देखरेखीखाली होतात. प्रत्येक पेपर तीन तासांचा असतो आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात. छापील टिपणे आणि पुस्तके जवळ ठेवण्याची मुभा असते. यामुळे परीक्षा सोपी होईल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. पुस्तक जवळ आहे म्हणूनच परीक्षक पुस्तकातला मजकूर उतरवून काढायला सांगत नाही. समिती प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि वाचनाची यादी देते. अभ्यास त्या यादीतल्या चालू आवृत्तीवरच करावा, कुणाच्या जुन्या टिपणांवर विसंबू नये.

घटनात्मक कायद्यात १८६७ च्या घटना कायद्याची कलमे ९१ आणि ९२ केंद्र व प्रांतांमध्ये अधिकारांची वाटणी करतात. कायद्याचे खरे सार कोणत्या विषयात मोडते हे पाहण्याची कसोटी आपल्याला मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या १९५१ च्या दारूबंदीच्या खटल्यापासून ठाऊक आहे, आणि ती आपल्याकडे आली तीही कॅनडाच्या घटनेवरचे निवाडे ज्या प्रिव्ही कौन्सिलने दिले तिच्याच वाटेने. इथवर सारे ओळखीचे आहे. फरक पुढे सुरू होतो. आपल्याकडे फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. कॅनडात तो कलम ९१(२७) खाली सर्वस्वी केंद्राचा आहे, आणि न्यायव्यवस्थेचे प्रशासन मात्र प्रांतांकडे आहे. प्रांताने एखादे कृत्य गुन्हा ठरवले, असा प्रश्न आला आणि उमेदवाराच्या मनात समवर्ती सूची असली, तर संपूर्ण उत्तर चुकीच्या दिशेने जाते.

१९८२ च्या हक्कांच्या सनदेबाबतही तसेच आहे. आपल्या अनुच्छेद १९ मध्ये प्रत्येक स्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची कारणे वेगवेगळी मोजून दिली आहेत. कॅनडाच्या सनदेत कलम १ हे एकच कलम सर्व हक्कांच्या मर्यादांना लागू होते, आणि त्याची कसोटी १९८६ च्या ओक्स निवाड्यात आहे : उद्दिष्ट पुरेसे महत्त्वाचे हवे, साधनाचा त्याच्याशी तर्कसंगत संबंध हवा, हक्काचा संकोच कमीत कमी हवा आणि परिणामांत समतोल हवा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या मॉडर्न डेंटल कॉलेज प्रकरणात याच निवाड्याचा आधार घेतला आहे, म्हणून तो समजायला सोपा जातो. कलम ३३ मात्र पूर्णपणे नवे आहे. त्याखाली कायदेमंडळ सनदेतील काही हक्क बाजूला ठेवून पाच वर्षांपुरता कायदा करू शकते व तो पुन्हा नव्याने जाहीर करू शकते. हे वाचताच भारतीय मन मूलभूत संरचनेच्या सिद्धांताकडे धाव घेते, पण त्या सिद्धांताला तिथल्या उत्तरपत्रिकेत स्थान नाही.

प्रशासकीय कायद्यात दोन निवाडे अगदी पक्के असावे लागतात. १९९९ चा बेकर निवाडा न्याय्य कार्यपद्धतीबद्दल आहे, आणि २०१९ चा वाविलॉव्ह निवाडा न्यायालयाने प्रशासकीय निर्णय कोणत्या निकषावर तपासावा याबद्दल आहे. वाविलॉव्हने वाजवीपणाचा निकष हे गृहीतक ठरवले आणि त्याला मोजके अपवाद ठेवले. घटनात्मक प्रश्न, संपूर्ण न्यायव्यवस्थेच्या दृष्टीने मध्यवर्ती असलेले कायद्याचे प्रश्न, दोन संस्थांच्या अधिकारकक्षेतील सीमेचे प्रश्न आणि कायद्यानेच दिलेले अपील हे त्यातले मुख्य. त्याआधीच्या टिपणांत २००८ चा डन्सम्युअर निवाडा प्रमाण मानलेला असतो, तेव्हा अशी टिपणे हाती आली तर ती बाजूला ठेवावीत.

फौजदारी कायद्यात आपली सवय सर्वांत जास्त आड येते. खुनाच्या व्याख्येचेच पाहा. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मधील तिसऱ्या परिच्छेदाखाली, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे, आरोपीने तीच जखम करण्याचा हेतू ठेवला होता आणि ती जखम निसर्गक्रमाने मृत्यू घडवण्यास पुरेशी होती, एवढे सिद्ध झाले की पुरते. विरसा सिंग प्रकरणापासून हे आपल्या अंगवळणी पडले आहे. कॅनडात एवढ्याने खून सिद्ध होत नाही. या जखमेने मृत्यू येण्याची शक्यता आहे हे आरोपीला स्वतःला ठाऊक असले पाहिजे, आणि १९९० च्या मार्टिनो निवाड्याने मृत्यूची अशी व्यक्तिनिष्ठ जाणीव ही घटनात्मक गरज ठरवली आहे. दोन्ही देशांत एकाच वस्तुस्थितीवरून निघणारी उत्तरे त्यामुळे वेगळी येऊ शकतात.

पुराव्याच्या बाबतीतही तेच. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निवाड्यापासून आपण असे मानतो की पुरावा बेकायदा मार्गाने मिळवला, एवढ्याच कारणाने तो त्याज्य ठरत नाही. कॅनडात सनदेच्या कलम २४(२) खाली असा पुरावा वगळता येतो. २००९ च्या ग्रँट निवाड्याप्रमाणे न्यायालय तीन गोष्टी तोलते : पोलिसांच्या वर्तनाचे गांभीर्य, आरोपीच्या हक्कावर झालेला आघात, आणि खटल्याचा गुणवत्तेवर निकाल लागण्यातले समाजाचे हित. त्याबरोबरच २०१६ चा जॉर्डन निवाडा वाचताना आपल्याकडच्या वकिलाला आश्चर्य वाटल्याशिवाय राहणार नाही, कारण त्याने खटला चालवण्याला मुदत घातली आहे. प्रांतीय न्यायालयात १८ महिने आणि वरिष्ठ न्यायालयात ३० महिने उलटले की विलंब अवाजवी असल्याचे गृहीत धरले जाते, आणि सरकार पक्ष अपवादात्मक परिस्थिती दाखवू शकला नाही तर कारवाई थांबवली जाते.

उरलेले दोन विषय आकाराने लहान आहेत. कायद्याच्या पायाच्या विषयात आदिवासी समूहांचे हक्क आणि त्यांच्या स्वतःच्या कायदेपरंपरा यांना मोठे स्थान आहे, आणि हा भाग वरवर वाचून चालत नाही. कायद्याच्या अन्वयार्थासाठी १९९८ चा रिझो शूज निवाडा आवश्यक आहे. व्यावसायिक जबाबदारीत हितसंबंधांचा संघर्ष, गोपनीयता आणि अशिलाच्या विश्वस्त खात्यातले पैसे हे मुख्य विषय आहेत. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांच्या तुलनेत तिथले नियम कितीतरी तपशिलात जातात. पूर्वीच्या अशिलाच्या विरोधात नवे काम घेता येईल का, यासारख्या प्रश्नावर ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ एवढे उत्तर पुरत नाही.

पाचवी पायरी : उत्तर लिहिण्याची पद्धत बदलणे

आपल्या विद्यापीठांत व्याख्या, कलम, निवाडे आणि शेवटी टीका अशा क्रमाने टिपण लिहिण्याची सवय लागते. एनसीएच्या पेपरात बहुधा एक घटना दिलेली असते आणि उमेदवाराने अशिलाला सल्ला दिल्यासारखे उत्तर लिहायचे असते. प्रश्न कोणता, त्याला लागू नियम कोणता, तो या वस्तुस्थितीला कसा लागतो आणि निष्कर्ष काय, हा क्रम असतो. त्यातला तिसरा भाग सर्वांत लांब असला पाहिजे.

उदाहरणादाखल अशी घटना घ्या : एका शहराच्या परवाना अधिकाऱ्याने टॅक्सीचालकाचा परवाना एका निनावी तक्रारीवरून, त्याला तक्रारीची प्रत न देता, नुसत्या पत्राने रद्द केला. आदल्या वर्षी शहराने एका पत्रकात सर्व परवानाधारकांना सुनावणी देण्याचे म्हटले होते. इथे नैसर्गिक न्यायतत्त्वाचा इतिहास लिहिणारा उमेदवार गुण गमावतो. बेकर निवाड्यातले पाच घटक घेऊन प्रत्येकाखाली या घटनेतली एक तरी वस्तुस्थिती ठेवली पाहिजे. निर्णय एका व्यक्तीपुरता आणि तथ्यांवर आधारलेला आहे, म्हणजे तो न्यायिक स्वरूपाकडे झुकतो. कायद्यात अपिलाची तरतूद आहे की नाही हे प्रश्नात दिलेले नसेल, तर दोन्ही शक्यता एका-एका वाक्यात लिहाव्यात. परवाना हे चालकाच्या उपजीविकेचे साधन आहे, म्हणून निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. पत्रकामुळे सुनावणीची रास्त अपेक्षा निर्माण झाली आहे. अधिकाऱ्याने कार्यपद्धती निवडली ती स्वतःच्याच संस्थेच्या पत्रकाविरुद्ध. या पाचांवरून किमान तक्रारीचा आशय कळवणे आणि उत्तर देण्याची संधी देणे आवश्यक होते, असा निष्कर्ष काढून शेवटी उपाय सांगावा, तो म्हणजे निर्णय रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवणे. रोज अशी एक घटना घेऊन वेळ लावून लिहिली, तर न्यायालयात युक्तिवाद करणाऱ्या वकिलाला ही पद्धत लवकर साधते. शेवटी तो न्यायाधीशांसमोर हेच तर करत असतो.

सहावी पायरी : लॉ सोसायटीकडे अर्ज

सर्व विषय पूर्ण झाले की समिती पात्रता प्रमाणपत्र देते, आणि ते घेऊन लॉ सोसायटी ऑफ ओंटारिओकडे अर्ज करायचा असतो. १७९७ साली स्थापन झालेली ही संस्था टोरांटोच्या ऑस्गुड हॉल या जुन्या वास्तूत आहे. २०१८ पर्यंत तिचे नाव लॉ सोसायटी ऑफ अप्पर कॅनडा असे होते. अर्जात सच्चारित्र्याबद्दल प्रश्न असतात, त्यांत शिस्तभंगाची कारवाई, फौजदारी प्रकरणे, दिवाळखोरी यांची माहिती विचारलेली असते. आपल्याकडे निकाली निघालेली एखादी जुनी फिर्याद किंवा बार कौन्सिलकडे झालेली आणि फेटाळली गेलेली तक्रारही लपवू नये. मूळ प्रकरणापेक्षा ते दडवणे अधिक गंभीर मानले जाते.

सातवी पायरी : बॅरिस्टर आणि सॉलिसिटर परीक्षा

या दोन्ही परीक्षा बहुपर्यायी असतात. प्रत्येकीत १६० प्रश्न आणि साडेचार तास, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम शंभर सेकंद मिळतात. बॅरिस्टर परीक्षेत दिवाणी दावे, फौजदारी प्रक्रिया, कौटुंबिक कायदा, सार्वजनिक कायदा आणि व्यावसायिक जबाबदारी येते. सॉलिसिटर परीक्षेत स्थावर मालमत्ता, व्यापार, मृत्युपत्रे व वारसा यांच्यासोबत पुन्हा व्यावसायिक जबाबदारी येते. न्यायालयात काम केलेल्या भारतीय वकिलाला बहुधा बॅरिस्टर परीक्षा जवळची वाटते, आणि जमिनीच्या नोंदणीची तिथली पद्धत सातबाराच्या मुलखातून आलेल्याला मुळापासून शिकावी लागते. दोन्ही एकाच सत्रात देण्याचा अट्टहास नोकरी करणाऱ्याने करू नये.

परीक्षेचे साहित्य लॉ सोसायटीच पुरवते, ते शेकडो पानांचे असते आणि परीक्षेत जवळ ठेवता येते. प्रश्न त्याच साहित्यातून येतात, बाहेरचे पुस्तक लागत नाही. साहित्य छापून, स्पायरल बांधणी करून, प्रत्येक प्रकरणाला रंगीत चिठ्ठी लावावी. मग वर्णक्रमाने सूची तयार करावी, ज्यात एखादी संज्ञा शोधली की पानाचा क्रमांक लगेच मिळेल. मुदतींसाठी वेगळा तक्ता करावा : दाव्याची नोटीस किती दिवसांत बजवायची, बचाव किती दिवसांत दाखल करायचा, अपील किती दिवसांत, हे सगळे एका दृष्टिक्षेपात दिसले पाहिजे. अनेक उमेदवार गटाने सूची बनवतात. ते ठीक आहे, मात्र दुसऱ्याने केलेली सूची स्वतः न वाचता परीक्षेला घेऊन जाणे निरुपयोगी आहे, कारण ती वापरण्याची सवय हाताला नसते. शंभर सेकंदांत प्रत्येक उत्तर शोधणे शक्य नाही. साहित्य निदान एकदा पूर्ण आणि अवघड प्रकरणे दोनदा वाचून झालेली असली, तर बहुसंख्य प्रश्न न शोधता सुटतात आणि उरलेल्यांसाठी वेळ राहतो.

आधीच्या प्रश्नपत्रिका म्हणून जे काही विकले जाते त्याला हात लावू नये. परीक्षेतला मजकूर बाहेर गेल्याचे आढळल्यामुळे लॉ सोसायटीने मार्च २०२२ ची ऑनलाइन परीक्षा रद्द केली, परीक्षा पुन्हा केंद्रावर घेणे सुरू केले आणि चौकशीनंतर अनेक उमेदवारांचे निकाल अवैध ठरवले. चारित्र्यावरचा असा डाग पुढे कोणत्याही प्रांतात आड येतो. या परीक्षांची रचना बदलून कौशल्याधारित अभ्यासक्रम आणण्यावरही अलीकडे लॉ सोसायटीत विचार झाला आहे. त्यामुळे नोंदणी करताना तिच्या संकेतस्थळावरील त्या वर्षीचे नियम वाचूनच वेळापत्रक ठरवावे.

आठवी पायरी : आर्टिकलिंग किंवा त्यातून सवलत

परीक्षेबरोबर प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षणही आवश्यक असते. ते वकिलाच्या हाताखाली आर्टिकलिंग करून किंवा लॉ प्रॅक्टिस प्रोग्राममधून पूर्ण करता येते. या प्रोग्रामचे इंग्रजी वर्ग टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठात होतात. चार महिने प्रशिक्षण आणि चार महिने कार्यालयात काम, अशी त्याची रचना आहे. कॉमन लॉ देशात किमान दहा महिने वकिली केलेल्यांना या संपूर्ण टप्प्यातून सवलत मागता येते, त्यासाठी वर सांगितलेले आदेश, हजेऱ्या आणि सिनिअरचे पत्र कामी येते, आणि व्यावसायिक आचारावरचा एक छोटा अभ्यासक्रम करावा लागतो.

सवलत मिळत असली तरी ती घ्यावीच, असे मात्र मी म्हणणार नाही. सवलत घेऊन थेट परवाना मिळवलेला वकील कागदोपत्री मोकळा असतो, पण तिथल्या न्यायालयाचा कारकून, समोरचा वकील आणि अशील यांच्याशी वागण्याची रीत त्याला कुणी दाखवलेली नसते. चांगल्या फर्ममध्ये आर्टिकलिंगची जागा मिळत असेल, तर ते महिने वाया गेले असे समजू नये. जागा मिळत नसेल, तर सवलत जरूर घ्यावी.

या संपूर्ण काळात लॉ क्लार्क म्हणून, परवानाधारक वकिलाच्या देखरेखीखाली काम करता येते आणि ते करावेही. ओळखीच्या मराठी कुटुंबाचे घराचे कागद पाहून दिले, शेजाऱ्याला घटस्फोटाबद्दल सल्ला देऊन मानधन घेतले, असले काम परवान्याशिवाय करणे हा कायद्याने गुन्हा आहे. ज्यांना फक्त भारतीय कायद्यावर, म्हणजे इकडची मालमत्ता, वारसा किंवा मुखत्यारपत्र यांवर सल्ला द्यायचा आहे, त्यांच्यासाठी फॉरिन लीगल कन्सल्टंट हा वेगळा परवाना आहे. त्याला वरच्या परीक्षा लागत नाहीत, घरच्या देशातला अनुभव लागतो.

परवाना मिळाल्यानंतर

शपथविधी झाला की नाव बॅरिस्टर आणि सॉलिसिटर म्हणून नोंदले जाते. खासगी वकिली करणाऱ्याला लॉप्रो या संस्थेचा व्यावसायिक विमा घ्यावा लागतो, आणि दर वर्षी १२ तासांचे सततचे व्यावसायिक शिक्षण पूर्ण करावे लागते, त्यातले ३ तास व्यावसायिकतेच्या विषयांचे असतात. पुढे कुटुंबासह कॅलगरीला किंवा व्हँकुव्हरला जावे लागले, तर लॉ सोसायट्यांमधील परस्पर स्थलांतराच्या करारामुळे नव्याने परीक्षा न देता त्या प्रांताचे सदस्यत्व मागता येते. भारतातली सनद चालू ठेवायची की बार कौन्सिलकडे अर्ज करून वकिली स्वेच्छेने स्थगित करायची, हा निर्णयही याच सुमारास घ्यावा आणि तो लेखी कळवावा, कारण लॉ सोसायटीच्या अर्जांत इतर ठिकाणच्या सदस्यत्वाची सद्यस्थिती विचारली जाते.